अर्धे फादर

अर्धे फादर लग्न झालेले होते, त्यांना चार मुली होत्या, आणि फादरांची खुर्ची रिकामी दिसली की ते तिच्याशी भांडत.

तसे ते आमच्या मिशनचे प्रचारक. म्हणजे व्रत नाही, झगा नाही, साधा संसारी माणूस. लेंगा-सदरा घालून सायकलवर वस्त्यावस्त्या फिरायचं, पोरांना प्रार्थना शिकवायच्या, दुखणाइतांची विचारपूस करायची, नवरा-बायकोची भांडणं सोडवायची. पूजाविधी तेवढा सोडला तर फादरांचं सगळंच काम ते करत, म्हणून हे नाव पडलं. त्यांची बायको, आमच्या काकू, मात्र वैतागायच्या. "अर्धे तिकडं, अर्धे इकडं. माह्या वाट्याले पुरे कधी आलेच नाई!"

मी नागपुरात आलो तो सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मठात व्रत घेऊन ब्रदर व्हायला. वसईकडचा मी, सातवीनंतर शाळा सुटलेला. आमच्या घराण्यातला पहिला ब्रदर होणार म्हणून गावाने बँड लावून मला गाडीत बसवलं होतं. इथे मठात आलो आणि माझा घाबरट स्वभाव आडवा आला. सगळं नीट होतंय की नाही, या काळजीने मला चैनच पडेना. सकाळी मौनाची वेळ असे, तेव्हा जो समोर येईल त्याला मी विचारायचो, "मी मौन नीट पाळतोय ना?"

काही महिन्यांनी मठाच्या मोठ्या फादरांनी मला बोलावलं. माणूस प्रेमळ. म्हणाले, "बाळा, देवाचं बोलावणं तुला असेलही. पण मठाचं नाही. तू घरी जा."

मी खोलीत ट्रंक भरत बसलो. कानात बँड वाजत होता. तेवढ्यात अर्धे फादर दारात. "काहून रडून राहिला बे?"

"काका, गावाने वाजतगाजत पाठवलंय. आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"मंग नको जाऊ. बँडवाल्यासंग परतीचं बोलणं झालं होतं का?"

माझा दंड धरून ते मला तसंच मोठ्या फादरांपुढे घेऊन गेले. "फादर, तुमाले नाई पाहिजे तर मले द्या हा पोट्टा."

"हा काय करील? स्वतःच घाबरलेला असतो."

"म्हणूनच मागून राहिलो. ज्याले कशाचंच भेव नाई, थो बिमाराच्या घरी उंबऱ्यावरूनच उपदेश देऊन वापस येते. हा बसून राहीन."

मोठे फादर हसले. म्हणाले, "ठीक आहे. येत्या रविवारी लोकांची प्रार्थना हा घेऊ दे. मग ठरवू." त्याच रात्री मी मागणी पाठ करायला बसलो: आजाऱ्यांसाठी, गरजूंसाठी, आणि प्रत्येक मागणीनंतर लोकांनी 'प्रभू, ऐक' म्हणायचं.

मधल्या दिवसांत काकांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून गावभर हिंडवलं. त्यांचा एकच नियम होता, आधी चहा, मग प्रार्थना. "कोरड्या घशाचं आमेन निंघतच नाई गा." वाटेत एका बौद्ध आजीबाईंच्या ओट्यावरही ते हमखास टेकत. तिथे धर्माचा शब्द नाही, फक्त भिवापुरी मिरचीचा ठेचा आणि सुनेच्या तक्रारी. आजीबाई मला म्हणाल्या, "याच्या नादी लागून राहिला का रे बापू? जेवाले येशीन तं पाणी जास्त पेजो."

रविवार आला. हिंगण्याकडची वस्ती, कारखान्यातल्या कामगारांची. तिथे फादर महिन्यातून एकदाच येत. एरवी काका प्रार्थना घेत, पण फादरांच्या खुर्चीवर कधी बसत नसत. ती समोर मांडून ठेवत आणि तिच्याकडे बघून बोलत. त्या दिवशीही सुरू झाले, "फादर, तुमी असते तं दहा मिनिटांत सोडलं असतं, मले मालूम हाय. पन तुमी कुठी हाय? तुमची बदली होते. आमची होते का? जो नवा फादर येते, थो पयले भिंतीले चुना लावते. अन् पोपडे आमी झाडतो!"

लोक हसत होते. मागचे एकदम सावरून बसले. दारात मोठे फादर उभे होते. त्याच महिन्यात त्यांनी तिथल्या भिंतींना चुना लावून घेतला होता.

ते पुढे आले, खुर्चीकडे पाहिलं, आणि सतरंजीवर लोकांमध्ये मांडी घालून बसले. "चालू द्या."

काकांनी घाईघाईने आमेन म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं प्रवचन वेळेआधी संपलं. त्यांनी मला पुढे ढकललं. "तू म्हन."

पाठ केलेलं सगळं मी विसरलो. समोर ओळखीचे चेहरे दिसले, आणि सवयीने तोंडातून प्रश्नच आला. "मावशी, धंतोलीच्या दवाखान्यातून सून घरी आली का?" मावशी म्हणाल्या, "नाई आली रे, टाके पिकले तिचे." मी म्हणालो, "तर तिच्यासाठी." सगळे म्हणाले, "प्रभू, ऐक." मग मी पलीकडच्याला विचारलं, भावाला कामावर परत घेतलं का. असा सगळ्या सतरंजीभर विचारत गेलो. शेवटी घाबरून मोठ्या फादरांनाच विचारलं, "फादर, तुमचा गुडघा कसा आहे?"

"दुखतंय," ते म्हणाले. "आणि खाली बसल्यापासून जास्तच."

उठताना माझ्याच खांद्याचा आधार घेतला आणि काकांना म्हणाले, "ठेवा याला. पण चुन्याला पुन्हा बोलू नका."

मी राहिलो. इथेच संसार केला, अजून याच कामात आहे. गावी पुढे गेलो तेव्हा बँड वाजला नाही, बरंच झालं.

काका शेवटी आजारी पडले तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून असे. एका दुपारी विचारलं, "काका, माझं काही चुकतंय का?"

डोळे न उघडता म्हणाले, "लय चुकते. चालू ठेव."

आता त्या वस्तीत मी प्रार्थना घेतो. फादरांची खुर्ची समोर असतेच, पण तिच्याशी भांडायची माझी छाती नाही. तिच्या शेजारी मी एक स्टूल ठेवलंय. मध्येच अडखळलो की त्याच्याकडे बघून हळूच विचारतो, "काका, चुकलं का?" त्यांचं उत्तर मला पाठ आहे. मग मी चालू ठेवतो.