उजव्या टोकाची पट्टी

आमच्या विद्यापीठात चाळीस पियानो आहेत आणि ते सुरात ठेवायला एकटे दुरुस्तीवाले काका. पूर्वी तिघं होते. दोघं निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्याच नाहीत. सुट्या भागांची मागणीही दरवर्षी नामंजूर होते. म्हणून मधल्या एखाद्या पट्टीला तारेवर आपटणाऱ्या हातोडीशी जोडणारा लाकडी सांधा मोडला, की काका उजव्या टोकाच्या पट्टीचा काढून तिथे बसवतात. "तिकडे कोण फिरकतंय!" असं मला हसून सांगायचे.

काल एका मुलीची अंतिम परीक्षा होती. मी काकांसोबत दारात उभा होतो. तिचं बोट शेवटच्या पट्टीवर पडलं आणि आवाजच आला नाही. ती गोंधळून थांबली. काकांचा चेहरा उतरला. ते सरळ आत गेले.

"चूक तिची नाही, माझी आहे. तिथला सांधा मी काढलाय."

"अहो काका, आधी सांगायचं ना!" परीक्षक वैतागले.

"तीन वर्षं लेखी सांगतोय, साहेब. ते राहू द्या. पोरीला पुन्हा वाजवू द्या."

परीक्षकांनी मान डोलावली. काकांनी शेजारच्या खोलीतला पियानो उघडला, त्याच्या टोकाच्या पट्टीचा सांधा काढून इथे बसवला. मुलीने पहिल्यापासून वाजवायला घेतलं. शेजारच्या पियानोची एक पट्टी आता मुकी झाली होती.