मागच्या खोलीतला मुळा

आमच्या मागच्या खोलीवरून घरात तीन महिने धुसफूस चालली होती. सासूबाईंचं म्हणणं, खोलीला नवा रंग दिलाय, तारकर्लीला जाणाऱ्या गाड्या दारावरून जातात, तर खोली पर्यटकांना भाड्याने द्यावी. मी मात्र त्या खोलीत मांडण्या उभ्या करून प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मुळा, मोहरी, मेथी पेरत होते. रोपं बोटभर वाढून दोन पानं फुटली की कात्रीने कापायची आणि डब्यात भरून विकायची. मायक्रोग्रीन्स म्हणतात त्याला. मोबाईलवर बघून शिकले. खरं सांगते, लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण फक्त माझं म्हणावं असं हे पहिलंच काहीतरी होतं.

सासूबाई दारात उभ्या राहून विचारायच्या, "नवरात्र लांब आसा, आताच कसला रुजवण घालतंस गो?" नवरात्रात घटाजवळ धान्य रुजवतात ते देवाचं, खायचं नव्हे. त्यामुळे वाडीत माझा माल कोणी फुकटसुद्धा घेईना. एका शेजारणीने डबा नेला, तो बकरीला घातला आणि बकरीला आवडल्याचं मला घरी येऊन सांगितलं.

शेवटी नवऱ्याने निवाडा केला. दिवाळीपर्यंत एक तरी कायमचं गिऱ्हाईक मिळालं तर खोली माझी, नाहीतर पर्यटकांची. तो अगदी शांतपणे बोलला, म्हणून मला जास्तच राग आला.

मग मी डबे घेऊन तारकर्लीच्या हॉटेलांचे उंबरे झिजवले. चार ठिकाणी पाणीसुद्धा विचारलं नाही. पाचव्या हॉटेलातल्या आचाऱ्याने मुळ्याची चिमूटभर पानं तोंडात टाकली, मग तळलेल्या सुरमईच्या तुकडीवर ठेवून पुन्हा खाल्ली. म्हणाला, "बारा दिवसांनी, शनिवारी, आठ ट्रेचा माल द्या. चांगला निघाला तर दर शनिवारी घेऊ." घरी येताना स्कूटरवर मी एकटीच हसत होते.

आणि इथेच माझी अक्कल चरायला गेली. ट्रेमध्ये मातीऐवजी घालायला मी कुडाळच्या दुकानातून नारळाच्या भुशाच्या विटा आणायची. आठ ट्रे म्हटल्यावर माझ्यातली मालवणी बाई जागी झाली. परसात माड, गावभर माड, आणि नारळाचा भुसा विकत आणायचा? लोक हसतील. खाडीकाठी एक काका काथ्या काढतात, त्यांच्या अंगणात भुशाचा ढीग पडलेला असतो. त्यातली दोन पोती फुकट आणली आणि दोन दिवस ही हुशारी येईल त्याला ऐकवली.

पेरल्यावर तीन दिवस ट्रे झाकून ठेवतात. चौथ्या दिवशी सकाळी उघडले, तर आठही ट्रेमध्ये बी पेरलं तसंच पडलेलं. एकालाही कोंब नाही. मी ट्रे उन्हात नेले, सावलीत आणले, पाणी मारलं, देवाला हात जोडले. काही उपयोग झाला नाही. इतक्यात सासूबाई दारात आल्या, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच मी बोलून गेले, "घ्या तुमची खोली. बोलवा तुमच्या पर्यटकांना. झालं ना मनासारखं?" बोलले आणि रडायलाच लागले. स्वतःची लाज वाटत होती, तरी रडू थांबत नव्हतं.

सासूबाई आत आल्या. खाली बसल्या, ट्रेमधला चिमूटभर भुसा घेऊन जिभेवर ठेवला आणि थुंकल्या.

"खारट आसा," त्या म्हणाल्या. "सोडणां म्हयनोन् म्हयने खाडयेत कुजत घालतत. ह्याच्यात बियां कशी रुजतली?"

सोडणं म्हणजे नारळाची सालं. ती खाडीच्या पाण्यात कुजवल्याशिवाय काथ्या निघत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. बघितलं एवढंच, डोक्यात काही शिरलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारचं जेवण कोणी केलं नाही. सासूबाईंनी आपलं जुनं लुगडं काढलं, त्यात भुसा बांधला आणि आम्ही दोघींनी तो विहिरीच्या गोड्या पाण्यात धुतला. पिळायचा, उलटायचा, पुन्हा धुवायचा. दर वेळी त्या चव घेऊन बघायच्या आणि मान हलवायच्या. चार पाण्यांनंतर म्हणाल्या, "आता बरो झालो." मुळ्याचं बी पाच ट्रेपुरतंच उरलं होतं. उरलेल्या तीन ट्रेमध्ये त्यांनी फोडणीच्या डब्यातली मोहरी आपल्या हाताने पेरली. नवरा कामावरून आला तेव्हा चूल थंड होती. "जेवण खंय?" एवढंच त्याने विचारलं. "करून घे," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी झाकण उचललं तर पांढरे कोंब दाटीवाटीने उभे. मी सासूबाईंना मिठीच मारली. त्या अवघडल्या, पण सुटायची घाई त्यांनीही केली नाही. शनिवारी मुळा आणि मोहरी दोन्ही तयार होते. आचाऱ्याने डबे उघडून वास घेतला, मोहरीची दोन पानं चावली आणि म्हणाला, "पुढच्या शनिवारी दहा ट्रे."

घरी परतले तेव्हा सासूबाई पडवीत फोनवर बोलत होत्या. पुण्याचं कोणी कुटुंब होतं, दिवाळीत चार दिवसांसाठी खोली हवी होती आणि म्हणतील ते भाडं द्यायची तयारी होती. सासूबाईंनी पदर सारखा केला आणि तहसील कचेरीत बोलतात तशा शुद्ध मराठीत सांगितलं, "खोली मिळणार नाही. तिथे आमच्या दोघींचा धंदा आहे."