वाऱ्याने न्यायचा हार

“मशीन बिघडलं नाय ओ, बायकोनं पळवून पळवून मारलं त्याला.”

दादा बाहेर जिन्यात फोनवर बोलत होते. आपला आवाज आत येत नाही अशी त्यांची समजूत होती. आत वैनी सीपीयूचा पत्रा काढून टेबलाखाली वाकल्या होत्या आणि मी बाजूला, दोन्ही हातांत झेंडूचा सुकलेला हार धरून उभी होते. वैनींनी ऐकलं. त्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला नाही. फक्त त्या बोर्डाकडे बघत म्हणाल्या, “पळवलं म्हून तर इतकं चाललं.” आणि मग मला, “हार खाली टेकवू नको हां, बाय.”

लग्नांच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणाऱ्या अशा खोल्या तुम्हीही पाहिल्या असतील. जुन्या पनवेलच्या बाजारात, एका मिठाईच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की ही खोली होती. दादा शूटिंग करायचे, त्यांची बायको मिक्सिंग करायची. गिऱ्हाइकं त्यांना वैनी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. पहिल्या दिवशी मी ‘मॅडम’ म्हटलं तेव्हा त्यांनी मागे वळून दारात कोणी आलंय का ते बघितलं होतं.

मला ठेवलं होतं टायटलसाठी. एका नवरीचं नाव इंग्रजीत चुकलं होतं आणि तिच्या काकाने भर दुकानात आरडाओरडा केला होता. तेव्हापासून दादांना इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी हवी होती. कॉलेज सकाळचं होतं, दुपारी मी नवीन पनवेलहून पूल ओलांडून तिथे जायचे. मला ते काम आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. माझं वाक्य आधी डोक्यात इंग्रजीत तयार व्हायचं, मग मराठीत यायचं, आणि तोवर बोलणारे दुसऱ्याच विषयावर गेलेले असायचे. वैनींच्या ते लक्षात आलं होतं. “बोल गं, तोंडात काय पान हाय काय?” असं म्हणून त्या थोडं थांबायच्या. मी गप्पच राहिले की पुढे जायच्या.

त्यांना स्वतःला थांबणं माहीत नव्हतं. टेबलासमोर उशी घातलेली खुर्ची होती, पण त्या उभ्यानेच काम करायच्या. रेंडर लावलं, म्हणजे जोडलेल्या सगळ्या तुकड्यांची एक फिल्म करायला मशीनला सांगितलं, की माणसाला तासन्‌तास काहीच काम नसतं. दुसऱ्या कोणी डुलकी काढली असती. वैनी केर काढायच्या, गॅलरीत जाऊन खालच्या मिठाईवाल्याशी भांडून यायच्या, कोळंबी सोलायला घ्यायच्या आणि अर्ध्यावर ठेवून हात धुऊन परत यायच्या. दर वेळी सीपीयूच्या कुशीला तळवा लावायच्या. त्यांचं माहेर उरणकडचं, वडिलांची मासेमारीची होडी होती. इंजिन ठीक आहे का ते वडील असाच तळवा लावून बघायचे म्हणे. तळवा ठेवून, डोळे बारीक करून वैनी म्हणायच्या, “आजून थोडा पळेल.”

मशीन जुनंच होतं, एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेलं. एका लग्नाला त्याला दिवस पुरत नसे. प्रोसेसरला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येतं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, हे वैनींना कुठूनसं कळलं होतं. इंटरनेटवर त्याबद्दल इंग्रजीत पानंच्या पानं होती. मी ती मनात वाचायचे आणि पुटपुटत मराठीत सांगायचे. त्या मशीन चालू करतानाच डिलीटचं बटण दाबून सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जायच्या, तिथला वेगाचा आकडा किंचित वाढवायच्या, आणि पुढे काय होतंय ते चपलेची टाच वरखाली करत बघायच्या. परीक्षेच्या निकालाला मीही इतकी अस्वस्थ झाले नव्हते.

एकदा मी विचारलं, इतकी घाई कशाला. म्हणजे विचारायचा प्रयत्न केला. त्यांनी अर्ध्या वाक्यावरून ओळखलं.

“तुमचे दादा बोलतात, वाशीला मोठा स्टुडिओ हाय, तिथं दिलं की लवकर होतं. आपलं लवकर झालं नाय तर देतील तिकडं.” मग स्क्रीनवरच्या हळदीच्या नाचाकडे बघत म्हणाल्या, “या टेबलाशी असले ना, की मला कोनी चहा कर बोलत नाय.”

तुळशीचं लग्न झालं, कामं सुरू झाली आणि त्याच सुमाराला मशीन गोठायला लागलं. रेंडर अर्ध्यावर जायचं, नवरदेवाचा हात वर उचललेला, आणि पडदा तसाच थांबायचा. पुन्हा चालू केलं की पहिल्यापासून सगळं.

वैनींनी काय काय केलं! रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी जुनी, वाळलेली पेस्ट पुसून नवीन लावली. ती पातळ लावायची असते हे मी पुटपुटले तोवर त्यांनी पावाला लोणी लावावं तशी लावली होती, ती पुन्हा पुसावी लागली. ओळखीच्या दुकानातून दुसरा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, उसना आणून जोडून बघितला. आकडा एक पायरी खाली आणला, मग आणखी एक. पत्रा उघडा असला की मशीन सुरळीत चालायचं. त्या तळवा लावून म्हणायच्या, “सापडलं बघ.” मग पत्रा बसवायच्या, माझ्या हातातला हार घ्यायच्या, जागेवर अडकवायच्या, आणि संध्याकाळपर्यंत नवरदेवाचा हात पुन्हा हवेत थांबलेला असायचा.

हार दसऱ्याचा होता. खंडेनवमीला आपण कामाच्या वस्तूंची पूजा करतो, तशी वैनींनी मशीनची केली होती. झेंडू आणि आंब्याची पानं, मनगटाएवढा जाड हार. सुरुवातीला तो पुढून होता. पण कामं आल्यावर डीव्हीडीचा ट्रे उघडताना त्यात अडकायला लागला, म्हणून त्यांनी तो दुमडून मागच्या बाजूला, भिंतीकडे अडकवला. काढून टाकायचा प्रश्नच नव्हता. “आमच्या बापाच्या होडीचा हार कोनी काढत नाय. वारा नेतो.” सीपीयू उघडताना तेवढ्यापुरता तो उतरवायच्या आणि जमिनीवर कसा ठेवायचा, म्हणून मला धरायला द्यायच्या.

दादा वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. त्या दिवसांत उरणच्या एका लग्नाचं काम होतं, नवरदेव बोटीवर नोकरीला होता आणि रविवारी निघणार होता. तो रोज फोन करायचा. दादांना तोंड द्यावं लागायचं. शेवटी त्यांनी सांगून टाकलं की शूटिंगच्या कॅसेट वाशीला जातील, आणि जुनी मशीनं घेणारा एक माणूस आहे, तो हे घेऊन जाईल. मोकळ्या जागेत पासपोर्ट फोटोसाठी पडदा लावता येईल.

वैनी भांडल्या नाहीत. त्यांनी निळ्या पडद्यावर जाऊन आकडा कंपनीने दिलेल्या जागी आणून ठेवला. पत्रा बसवला, हार मागे अडकवला. मग खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या लहान दिसत होत्या. “म्हातारं झालं गं ते,” म्हणाल्या, “उगा तरास दिला त्याला.” दुसऱ्या दिवशी माहेरी भाचीचा साखरपुडा होता, तिकडे त्या गेल्या.

आज त्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात. लोकांनी डीव्हीडी मागणं सोडलं तेव्हा मिक्सिंग आपोआप बंद पडलं. वैनी कुठे असतात, मला माहीत नाही. पण दुसऱ्याच्या घरी एखादं मशीन घरघरताना ऐकलं की माझा तळवा नकळत त्याच्या कुशीला जातो, आणि घरातली माणसं बघायला लागतात. तेव्हा मला ती साखरपुड्याची दुपार आठवते.

दादा जुनी मशीनं घेणाऱ्या त्या माणसाला आणायला गेले होते. मला टायटलच्या फाइल्स सीडीवर काढून ठेवायला सांगितल्या होत्या. काम झालं. खोलीत कोणी केर काढत नव्हतं, कोणी गॅलरीत जाऊन भांडत नव्हतं, आणि मला ते सहन होईना. काहीतरी करायचं म्हणून मी सीपीयू उघडायला घेतला. आधी हार काढला, सवयीने, आणि तो घेऊन उभी राहिले. नेहमीसारखी. धरायला सांगणारं कोणी नव्हतं. मी हाताकडे बघितलं. मशीन जेव्हा जेव्हा नीट चाललं, तेव्हा हार माझ्या हातात होता.

मी वाकून मागची जाळी बघितली. आतला पंखा गरम हवा तिथून बाहेर फेकतो. जाळीवर पाकळ्यांचा चुरा बसला होता, आंब्याचं एक अख्खं पान चिकटलं होतं. पंखा बिचारा त्या हाराला न्यायला बघत होता.

जाळी पुसली. हार जमिनीवर ठेवला नाही. गॅलरीच्या गजाला बांधला, तिथे खाडीकडून वारा येतो. पत्रा लावलाच होता, तो तसाच राहू दिला. निळ्या पडद्यावर जाऊन आकडा वैनींच्या जागी नेला, मशीन गोठायला लागण्याआधी त्या पोचल्या होत्या त्याच जागी, आणि उरणचं लग्न पहिल्यापासून लावलं. मग मी बसू शकले नाही. फेऱ्या मारल्या. तळवा लावला, काढला, पुन्हा लावला. नवरदेवाने हात वर उचलला. आणि खाली आणला.

जिन्यात पावलं वाजली. दादा आले, मागे तो माणूस, त्याच्या खांद्यावर दोरी होती. दादा म्हणाले की उन्हातून आलोय, वैनी नाय, तर तूच जरा चहा टाक, आणि बोलता बोलता ते वायर काढायला टेबलाकडे वाकले.

माझं वाक्य डोक्यात इंग्रजीत तयार व्हायला लागलं. मी त्याच्यासाठी थांबले नाही.

“हात लावू नका, दादा. वैनींचं काम चालू आहे.”