सगळ्यांच्या हातातलं लाकूड

इस्लामपूरच्या वाटेवर ते धनुष्यवाले भेटले, की तोंडाकडं न बघता आधी माझ्या हाताकडं बघायचे. खोरं असो नाहीतर कुऱ्हाड, मागून घ्यायचे, एक डोळा मिटून दांड्यावरनं नजर फिरवायचे, गुडघ्यावर हळूच दाबायचे आणि परत द्यायचे. "बाभळ हाय. मोडंल, पर वाकायची न्हाई." मग आपल्या उंच काठीवर रेलत, अधू पाय ओढत पुढं जायचे.

आमच्या भागात धनुष्यं करणारे ते एकटेच. त्याला धामणीच्या झाडाचं, न मोडता वाकणारं लाकूड लागतं, आणि साखर कारखाना निघाल्यापासून लोकांनी बांधावरची धामणसुद्धा तोडून ऊस लावला होता. म्हणून ते दिसेल त्याच्या हातातल्या दांड्यात धामण शोधत, आणि लोक त्यांना हसत. मला मात्र कुतूहल वाटे, की एवढं शोधून यांना कधी काही सापडतं का.

त्या साली आमच्या उसात रानडुकरं शिरायला लागली, म्हणून मी त्यांना धनुष्य करायला सांगितलं.

"लाकूड घावलं तर," ते म्हणाले.

पंधरवड्यानं भिंतीला धरून ते दारात उभे राहिले. हातात तेल पाजलेलं नवं धनुष्य होतं.

"आवं, काठी कुठाय तुमची?"

"हीच की ती, धामणीची. समद्यांच्या हातात बघत फिरलो, गड्या."

धनुष्य घेऊन मी कोपऱ्यातली आमची काठी पुढं केली. त्यांनी एक डोळा मिटला, काठी गुडघ्यावर दाबली.

"बाभळ हाय. वाकायची न्हाई," असं म्हणून पहिल्यांदाच परत न देता ते ती टेकत टेकत निघून गेले.