बुडाला झिलई लावू नये

आई गेल्यावर मी बाबांना कराडहून इंदूरला घेऊन आले. माझी नोकरी सिमरोलच्या बाजूला, घर सुदामा नगरात. सकाळी मी बाहेर पडले की बाबा दिवसभर एकटे. सगळी हयात साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली होती, निवृत्तीनंतर शब्दकोडी सोडवण्याचा नाद लागला होता. इथे रोजचा मराठी पेपर मिळेना आणि हिंदी बोलायचा संकोच. भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनी व्यवहार चालायचा.

आमच्या मागच्या गल्लीत एक बाई आपल्या घराच्या तळमजल्यावर मातीकाम शिकवतात. पिढ्यान् पिढ्या इंदुरातच राहिलेलं मराठी घर. एका रविवारी मी बाबांना बळंच तिथे नेलं.

"या काकाजी, बसा," बाई म्हणाल्या. "आज स्लिप बनवू."

"स्लिप म्हणजे?"

"एकदम पतली माती. कपाला कान जोडायचा तर मध्ये तीच लावायची."

"मग सरळ राड म्हणा की. पातळ चिखलाला आम्ही राडच म्हणतो."

बाई खळखळून हसल्या. "अहो, आमच्याकडे राड म्हणजे भांडण!"

बाबाही हसले. कितीतरी दिवसांनी.

त्या दिवसापासून ते एकटेच वर्गाला जायला लागले. प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी शोधायचा, हा नवा उद्योग. वाळलेलं भांडं झिलईआधी एकदा भट्टीत भाजतात, त्या बिस्क फायरिंगला त्यांनी 'पहिली भाजणी' म्हटलं. "भाजणी तर थालीपिठाची असते ना काकाजी?" बाई म्हणाल्या, पण पुढे त्याही तसंच म्हणू लागल्या. ग्लेझची झिलई झाली. वर्गातली हिंदी मुलं 'अंकल, झिलई किधर रखी है' असं विचारू लागली तेव्हा बाबा घरी येऊन मला ते दोनदा सांगत बसले.

मग त्यांनी मिठासाठी झाकणाची बरणी करायला घेतली. माती वाळताना आक्रसते, म्हणून बरणी आणि झाकण एकाच मातीचं हवं, वाळायलाही एकत्रच ठेवायचं. ते सगळं त्यांनी नीट सांभाळलं. पहिली भाजणी बिनबोभाट पार पडली. बरणी निळ्या झिलईत बुडवून काढली आणि ती दुसऱ्यांदा भट्टीत गेली.

भट्टी उघडायच्या दिवशी मी सुट्टी काढून गेले. बाईंनी बरणी उचलायला हात घातला, तर ती हलेना. बुडाची झिलई पुसायची राहून गेली होती. झिलई आचेने वितळते आणि थंड झाली की तिची काच होते. बरणी भट्टीतल्या भाजक्या मातीच्या फळीला पक्की चिकटली होती. छिन्नी लावली, तर बूड फळीवरच राहिलं आणि बरणी बाईंच्या हातात आली.

"काकाजी, टेन्शन नका घेऊ. पहिला पीस सगळ्यांचाच जातो," बाई म्हणाल्या. "फळीचं काय, घासून घेऊ."

बाबांनी बिनबुडाची बरणी तिथेच ठेवली आणि चपला घातल्या. मला वाटलं, संपलं आता, हा माणूस परत घराबाहेर पडायचा नाही.

जेवताना ते म्हणाले, "कारखान्यात साखर बिघडली तर आम्ही ती परत विरघळवायचो. भाजलेली माती विरघळत नाही बघ."

"मग काय करणार?"

"काय करणार म्हणजे? दुसरी करायची."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून फोन केला तर उचललाच नाही. मी घाबरून बाईंना लावला. "इथेच आहेत हो," त्या म्हणाल्या. "दोन्ही हात मातीत आहेत, फोन कसा उचलतील?"

दुसरी बरणी धड निघाली. निळा रंग एका बाजूला जरा गडद झालाय आणि झाकण फिरवून एकाच जागी बसतं. ती जागा मला अजून पटकन सापडत नाही. मीठ घेताना मी चाचपडत असते आणि बाबा मागून म्हणतात, "डावीकडे. अजून थोडं."

गेल्या रविवारी वर्गातली मंडळी माती चाळायची जाळी आणायला मल्हारगंजात निघाली, त्यांच्याबरोबर बाबाही गेले. मी जेवायची थांबले होते. दुपारी त्यांचा फोन आला. मागे नुसता गलका.

"तू जेवून घे गं," ते म्हणाले. "आम्ही कचोरी खातोय."