बर्फात गेलेली तीन बोटं

तेव्हा मी नार्नूरच्या शाळेत शिकवत होतो. एकदा उटनूरहून परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी जुना फौजी कोट घातलेला एक माणूस बसला. डावा पाय सरळ पुढे ठेवून तो कोटाच्या खिशातला लिफाफा सारखा चाचपत होता.

"तुमी मास्तर दिसता. इंग्रजी वाचून सांगान का?"

"गावात वाचणारं कोणी नाही का?"

"हायेत की. पायाची तीन बोटं सरहद्दीवर बर्फात गेली माझी. पेन्शनीचा पयला कागद आला, त्यात माझ्याच हयगयीनं गेली म्हनून लिवलं होतं. गावातल्याइनं वाचला अन् सारे हासले. मंग मी अपील केलं. आता निकाल आला, तो आदी अनोळखी मानसाकडून आयकतो म्हनलं."

मी लिफाफा फोडला. अपील मंजूर झालं होतं. बोटं पहाऱ्यावर असताना, थंडीने गेली, असं स्वच्छ लिहिलं होतं. ते वाक्य त्याने माझ्याकडून तीनदा मराठीत वदवून घेतलं. चौथ्यांदा इंग्रजीतच ऐकलं, डोळे मिटून, मान डोलावत. मग खिशातले फुटाणे काढून कंडक्टरपासून सगळ्यांना वाटले.

त्याचं गाव आलं. तो लंगडत, पण घाईघाईने उतरला. मी खिडकीतून हाक मारली, "अहो, पेन्शन किती मिळणार ते दुसऱ्या पानावर आहे."

तो वळून हसला. "ते गावातले वाचतीन, मास्तर."