बँकॉकच्या दारात सोडलेला कासोटा

दारावरच्या शिपायाने हात जोडले, हसला, आणि आबाजींच्या पोटऱ्यांकडे बोट दाखवून मान हलवली. आमचा निम्मा ग्रुप राजवाड्याच्या आत पोचला होता, निम्मा बाहेर उन्हात उभा होता. मी मधोमध, हातात व्हाउचर घेऊन.

व्हाउचर म्हणजे ‘या मंडळींना आत घ्या, बाकीचं आम्ही बघतो’ असं सांगणारी कंपनीची चिठ्ठी. ती दाखवली की हॉटेलची खोली उघडते, बस येते, बोटीत जागा मिळते. माझा त्या चिठ्ठीवर फार विश्वास होता. शिपायाने ती वाचलीसुद्धा नाही.

“काय म्हनते तो?” आबाजींनी विचारलं.

मी सोमचाईकडे पाहिलं. सोमचाई आमचा लोकल गाइड. मी टूर लीडर, म्हणजे माणसं नेणं-आणणं, त्यांचं खाणंपिणं, रुसवेफुगवे माझ्याकडे. गावाची माहिती सांगायची ती लोकल गाइडने. सोमचाईने मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, की आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे, तिथे पाय घोट्यापर्यंत झाकलेले लागतात. पोटऱ्या दिसता कामा नयेत. देवाचा अपमान होतो.

आबाजी धोतर नेसले होते. पांढरंशुभ्र, पुढे निऱ्या, मागे कासोटा घट्ट खोचलेला. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात लग्नाला जा, देवळात जा, नाहीतर कलेक्टरसाहेबांपुढे उभे राहा, म्हाताऱ्या माणसाला याहून सभ्य पोशाख नाही. चालताना मागून पोटऱ्या दिसतात. पण त्या दिसतात हे मला जन्मात पहिल्यांदा त्या शिपायाने दाखवून दिलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली असतील. मी बुलढाण्यात एका टूर कंपनीचं काम बघायचो. मालक अकोल्याला बसायचे. आमच्याकडून काशी-रामेश्वरच्या बसगाड्या सुटत, विमानाची टूर नवी होती. मलकापूरला रेल्वेत बसायचं, मुंबईहून विमान, आणि पहिलं गाव बँकॉक. आधीचे जे दोन-तीन ग्रुप गेले होते त्यात सगळे व्यापारी, डॉक्टर, वकील. पँटवाले. त्यांना दारात कुणी अडवलं नव्हतं, त्यामुळे असा काही नियम आहे हे ना मला माहीत होतं ना मालकांना.

आबाजी म्हणजे देऊळघाटचे तुळशीराम पाटील. मळ्यात वांगी, कांदे, कोथिंबीर. बुलढाण्याच्या बाजारात त्यांच्या वांग्यांना लोक नावानिशी मागायचे. पण गावात त्यांची खरी ओळख दुसरीच. दर श्रावणात मारुतीच्या देवळात रामकथेची पोथी आबाजी वाचायचे. त्यांच्या वडलांपासूनचा तो मान.

टूर मीच विकली त्यांना. म्हटलं, “आबाजी, तिथी राजाच्या देवळाभोवती भिंतच भिंत हाये, अन् तिच्यावर सारी रामकथा रंगवेल हाये.”

“आपल्या रामाची?”

“आपल्याच.”

“इतक्या दूर काऊन गेला राम?”

“गेला खरा.”

त्यांनी जरा वेळ विचार केला आणि म्हणाले, “मंग पाहून येऊ. येत्या श्रावनात गावाले सांगतो, तिकडचा राम कसा दिसते ते.”

ही गोष्ट देऊळघाटभर झाली. निरोप द्यायला सारं गाव एसटी स्टँडवर. कुणी म्हणे मारुतीचं चित्र नीट पाहा, कुणी म्हणे रावणाची तोंडं मोजा. मालकांनीही मला तंबी दिली होती.

“त्या पाटलांचा फोटो पाहिजे मला. धोतर, टोपी आणि मागे सोन्याचं शिखर. पुढच्या वर्षी जाहिरातीत टाकू. पँटमध्ये आणू नकोस त्यांना.”

“ते पँट घालतच नाहीत.”

“मग झालं तर!”

बँकॉकचे आधीचे दिवस मजेत गेले. पाण्यावरचा बाजार पाहिला. कालव्यात होड्या, होड्यांत बायका, आणि बायकांपुढे फळं-भाज्यांचे ढीग. बाकीची मंडळी फोटो काढत होती. आबाजी एका होडीशी वाकून हिरवी, लिंबाएवढी वांगी दाबून बघत होते. “खत काय घालते इचारा बरं हिले,” म्हणाले. सोमचाईने विचारलं. ती बाई इतकी हसली की होडी डुलायला लागली. तिने एक वांगं आबाजींच्या हातात ठेवलं आणि ते त्यांनी दिवसभर खिशात बाळगलं. नदीतून फिरलो, काठावरची देवळांची टोकं पाहिली. कुठेही धोतराला कुणी हटकलं नाही.

राजवाड्याच्या दिवशी सकाळी आबाजी वेगळं धोतर नेसून खाली आले. त्यांच्या पत्नी गिरजाबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “पोथीचं हाये. ते सोता धुतात, सोता वाळू घालतात. मीबी हात लावत नाई त्याले. इमानात मांडीवर घेऊन बसले होते.”

त्याच धोतरावर शिपायाने बोट ठेवलं होतं.

मी आबाजींना नियम सांगितला. जेवढा मऊ करून सांगता येईल तेवढा सांगितला. ते म्हणाले, “अजिंठ्याले बुद्धच हाये ना? तिथी गेलो मी धोतरानं. कोनी काई म्हनलं नाई.”

“इथला कायदा येगळा हाये, आबाजी.”

दाराशी एका टेबलावर कपडे ठेवलेले होते. बायकांसाठी कमरेला गुंडाळायची फुलाफुलांची वस्त्रं, पुरुषांसाठी पँटी. गिरजाबाईंनाही अडवलंच होतं. नऊवारी लुगड्याचा काष्टा, पोटऱ्या उघड्या. त्यांनी एक वस्त्र उचललं, लुगड्यावरून गुंडाळलं आणि म्हणाल्या, “वरून बांधाले काय जाते? देवाच्या दारी पदर घेतोच ना आपून.” त्यांचं काम झालं.

आबाजींनी पँट हातात घेतली नाही. नुसती पाहिली.

“कोनाची हाये?”

“इथलीच. ज्याले लागते तो घालते, वापस देते.”

“म्हंजे कोनाच्याबी आंगातली. अन् धोतर?”

“ते सोडा लागन. पँट वरून बसत नाई.”

“पोथीचं धोतर सोडून, लोकाच्या आंगातली तुमान घालून रामापुढं उभा राहू मी?”

मागे ग्रुप चुळबुळत होता. खामगावचे एक शेठ सफारी सूटमध्ये होते, ते म्हणाले, “घाला ना हो आबाजी! परदेशात कोन पाह्यते?”

“राम पाह्यते,” आबाजी म्हणाले.

दोघंतिघं हसले. मलाही हसू आल्यासारखं तोंड करावं लागलं, कारण तेही गिऱ्हाईक होते. मग मी आबाजींना जे बोललो ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हणालो, “तुमी इथं सावलीत बसा. मी या लोकायले दाखवून आनतो, मंग तुमाले सारं सांगतो.”

रामकथा मी त्यांना सांगणार होतो. ज्या माणसाने ती जन्मभर गावाला सांगितली त्यांना.

आबाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीच्या कडेला बसले.

सोमचाईला बिचाऱ्याला वाईट वाटत होतं. त्याला त्या धोतराचं काही माहीत नाही. तो त्याच्याकडे निरखून बघत होता आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. हाताने खूण करून म्हणाला, हे मागचं खोचलेलं टोक सोडलं तर कापड घोट्यापर्यंत येईल. मग काहीच अडचण नाही!

त्याचा हिशेब बरोबर होता. पण जे धोतर नेसत नाहीत त्यांना सांगितलं पाहिजे, की कासोटा सोडणं म्हणजे काय. पोथी वाचणारा माणूस कासोट्याशिवाय पाटावर बसत नाही. देवापुढे, चार लोकांत, बायकांदेखत कासोटा सोडून उभं राहणं म्हणजे अब्रू सोडून उभं राहणं. आमच्या देवापुढे कासोटा सुटलेला चालत नाही, त्यांच्या देवापुढे खोचलेला चालत नाही. आणि हे मराठीत सांगायचं काम माझं होतं.

मी सांगितलं. आबाजींच्या डोळ्यांकडे न बघता सांगितलं.

आबाजींनी दाराकडे पाहिलं. आतल्या शिखराचं सोनं उन्हात चमकत होतं. मग उठले.

“कपडा तं आपलाच राह्यते ना?”

“हो.”

“गिरजे, आड धर.”

गिरजाबाईंनी टेबलावरचं एक वस्त्र घेतलं आणि दोन्ही हात पसरून भिंतीपाशी धरलं. ग्रुप आपोआप पाठ करून उभा राहिला, शेठसुद्धा. आबाजी आडोशातून बाहेर आले तेव्हा धोतर घोट्यापर्यंत लोंबत होतं आणि ते दोन्ही हातांनी निऱ्या धरून, पाय अडकेल या भीतीने लहान लहान पावलं टाकत होते. मळ्यात पाणी देताना ताड ताड चालणारा माणूस. शिपायाने हात जोडून त्यांना आत सोडलं.

आत गेल्यावर टूर लीडरने हेड काउंट घ्यायचा असतो, म्हणजे डोकी मोजायची, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं. त्या दिवशी मी पायच मोजले. मान वर होईना.

भिंत मात्र मी सांगितली होती तशीच होती. किंबहुना जास्तच. देवळाला वेढा घालून गेलेली लांबलचक ओसरी आणि तिच्यावर सोनेरी रंगात राम, सीता, वानरं, राक्षस, महाल, समुद्र. सोमचाई सांगायला लागला, पण आबाजींना गरज नव्हती. ते पुढे पुढे सरकत होते आणि गिरजाबाईंना सांगत होते, “हा पाहा सेतू. हे वानरं गोटे आनून राह्यले. हा बिभीषन असन.” आवाज पोथीचा होता. एक हात चित्राकडे, एक हात निऱ्यांवर. तो हात त्यांनी एकदाही सोडला नाही.

एका चित्रापाशी ते थांबले. पांढराशुभ्र मारुती, भला थोरला, झेप घ्यायच्या बेतात. मांड्या, पोटऱ्या सगळ्या उघड्या. त्याच्याखाली साधी माणसं काढलेली, नावाडी, ओझी वाहणारे. त्यांच्या कमरेचं वस्त्र दोन्ही पायांमधून मागे नेऊन खोचलेलं.

आबाजी वाकून बघायला लागले. “कासोटा हाये हा,” ते म्हणाले.

मी सोमचाईला विचारलं. तो म्हणाला, हो, पूर्वी आमच्याकडे सगळे असंच नेसत. माझे आजोबासुद्धा.

मी ते आबाजींना सांगितलं. ते मारुतीकडे बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, “भाऊ, ह्या मारुतीले आज त्या दारातून आत येऊ देलं असतं का?”

रागाने नाही. खरंच विचारत होते.

सोमचाईने विचारलं ते काय म्हणाले. मी भाषांतर केलं. तो हसला, आणि मग हसायचा थांबला. त्याने आबाजींना वाकून नमस्कार केला. कॅमेरा गळ्यात होता. मी भिंतीचा एक फोटो काढला आणि त्याला झाकण लावून टाकलं.

परत आल्यावर मालकांचा अकोल्याहून ट्रंक कॉल आला.

“फोटो कुठाय पाटलांचा?”

“भिंतीचा आहे.”

“भिंत काय करायचीय मला? माणूस?”

“माणूस फोटो काढण्यासारखा उभा नव्हता.”

“आजारी होते का?”

“नाही. दारात कासोटा सोडायला लावला त्यांना.”

“अरे, मग काय झालं एवढं? धोतरच ना?”

“तुम्ही पँटची बटणं सोडून जाहिरातीत उभे राहाल का?” मी म्हणालो. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. नोकरी गेली नाही, पण त्या वर्षीची पगारवाढ हुकली.

श्रावणात आबाजींचा निरोप आला, या म्हणून. जायला पाय उचलत नव्हता. तरी गेलो. मारुतीच्या देवळात गाव भरलेलं. पाटावर पोथीपुढे दुसरेच कुणी बसले होते. आबाजी खाली, लोकांत, खांबाला टेकून.

मी गिरजाबाईंना गाठलं. “आबाजी वाचून नाई राह्यले?”

त्या पदर सारखा करत म्हणाल्या, “एक श्रावन सोडला त्यायनं. रामापुढं कासोटा सोडून उभा राह्यलो म्हनतात, लगेच पाटावर कसा बसू? कोनाले सांगतलं नाई. घसा बसला म्हनून सांगतलं गावाले. तुमालेबी सांगू नोको म्हनले होते.”

वडलांपासूनचा मान. एका दारापायी.

अध्याय संपल्यावर लोकांनी आबाजींना उभं केलं. त्या ‘बसलेल्या’ घशाने त्यांनी सगळं सांगितलं. सोन्याची शिखरं, पाण्यातला बाजार, खळखळून हसलेली वांगीवाली. भिंतीवरचा सेतू सांगितला, पांढरा मारुती सांगितला, तिथल्याही माणसांना कासोटा असतो हे सांगितलं, तेव्हा गाव खूश होऊन हसलं. मी खाली बघत होतो.

मागून कुणीतरी विचारलं, “आबाजी, राजाचा वाडा हाये म्हन्ता, मंग तुमाले धोतरावर आत जाऊ कसं देलं?”

आबाजींनी मला शोधलं. बोट माझ्याकडे केलं.

“देलं ना,” ते म्हणाले. “आपला भाऊ संगं होता.”

सगळं गाव वळून माझ्याकडे कौतुकाने बघायला लागलं. तशी शाबासकी मला त्याआधी कधी मिळाली नव्हती, आणि पुन्हा मिळायलाही नको.

या धंद्यात मी पुढे खूप वर्षं काढली. टूर निघायच्या आधी मंडळींची मीटिंग घेतो, तेव्हा काय काय बघायचं आहे ते मी शेवटी सांगतो. आधी एकेकाला विचारतो, नेसणार काय? मग तिकडच्या गाइडला विचारून घेतो, हे चालेल का. लोक हसतात, म्हणतात हा टूरवाला आहे की शिंपी. हसू देतो.